मनी आंडेर कथा गई

वरची ओळ तुम्ही कशी वाचलीत? पुण्या-मुंबईकडचे असाल तर ती एखाद्या कवितेतली वाटली असेल. मनी म्हणजे मनात, आंडेर म्हणजे बहुधा अंधार, आणि पुढे कुठलीशी कथा. तुमचा काही दोष नाही. पण ज्या डॉक्टरांच्या हाती मला सोपवलं होतं त्यांनीही ती अशीच ऐकली. ऐकून घेण्याचाच त्यांना पगार मिळत होता, म्हणून त्यांचा दोष आहे असं मी म्हणते.

आमच्या पिंपळनेरकडच्या अहिराणी बोलीत ‘मनी’ म्हणजे माझी, ‘आंडेर’ म्हणजे मुलगी आणि ‘कथा’ म्हणजे कुठे. माझी मुलगी कुठे गेली? एवढंच मी विचारत होते.

धुळ्याच्या एका दवाखान्यात, मागच्या बाजूला, वेड्यांच्या वॉर्डात मी राहून आले आहे. आमच्या घरात त्या दिवसांना ‘तू पुण्याला होतीस तेव्हा’ असं म्हणतात. मी पुण्याला कधी गेलेले नाही. शेजारणींना तसं सांगितलं होतं, माहेरी तसं कळवलं होतं, आणि सांगून सांगून आता घरच्यांनाही ते खरं वाटू लागलं आहे. म्हणून मी हे लिहून ठेवते. कोणाच्या घरात असा आजार आला असेल तर त्यांनी वाचावं, आणि माझ्यावर गुदरलं ते आपल्या घरच्या बाईवर गुदरू देऊ नये.

झोप गेली

दुसऱ्या बाळंतपणात मला मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. पाचवी पुजायची राहिली. बाया म्हणाल्या, पाचवीच्या आधी गेलं त्याच्यासाठी काय रडायचं, अजून वय आहे तुझं. मला नीट रडू दिलं नाही. मग झोप गेली.

माझी थोरली मंजी तेव्हा अडीच वर्षांची होती. मला वाटायचं, मी डोळे मिटले की हीसुद्धा जाईल. ती झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसे. स्वयंपाक सुटला, वेणीफणी सुटली. आमचे हे कचेरीत कारकून, मूळचे सातारकडचे, बदलीने धुळ्याला आलेले. ते म्हणत, “अगं, झोप की.” झोप काय डब्यात ठेवलेली होती, काढून घ्यायला!

एका दुपारी मंजी लवकर उठेना. ऊन होतं, पोर थकली होती, दुसरं काही नाही. पण मी तिला उचललं आणि रस्त्याने धावत सुटले. डोक्यावर पदर नाही, पायात वहाणा नाहीत. नेमकी कचेरी सुटायची वेळ. समोरून हे त्यांच्या साहेबांबरोबर चालत येत होते.

बायको आजारी आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं. साहेबांनी पाहिल्यावर मात्र तिला दवाखान्यात न्यायची घाई झाली.

आणखी एक गोष्ट झाली होती, ती सांगायलाच हवी. मी मराठी सातवी पास. लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी पुस्तकातल्यासारखी बोलत असे, कारण माझं ‘शे’ ऐकलं की ह्यांचे मित्र गालात हसत. मंजीशी मात्र एकटी असताना आमच्या बोलीत बोलायची. झोप गेली तशी शिकलेली भाषाही गेली. ‘आहे’ म्हणायला तोंड उघडावं तर ‘शे’ बाहेर पडे. आईने दिलेलं तेवढं उरलं, शाळेने दिलेलं गळून गेलं.

“डोळे तपासून येऊ,” असं सांगून मला टांग्यात बसवलं. दवाखान्याच्या फाटकाशी हे म्हणाले, “मंजीला इकडे दे, ऊन लागतंय तिला.” मी दिली. आत डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, “घरी ह्या अशाच बोलतात का?”

“नाही हो! चांगली शुद्ध बोलते ती. हे आजारातच सुरू झालंय.”

झालं. माझ्या आईची भाषा माझ्या रोगाचं लक्षण ठरली. मी वळून पाहिलं तेव्हा हे एकटेच उभे होते. मंजी टांगेवाल्याजवळ होती, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

झगा

वॉर्डात गोजरा नावाची आया होती. तिने पहिल्यांदा माझ्या बांगड्या वाढवल्या. काचेने इजा होते, हे मला आज समजतं. पण सवाष्ण बाईच्या हातातल्या बांगड्या काढताना तिला दोन शब्द सांगायला काय जातं? माझ्या पलीकडच्या खाटेवर दोंडाईच्याची एक तरुण बाई होती. तिच्या बांगड्या उतरल्या त्या क्षणी तिने धरलं की आपला नवरा गेला, आणि टाहो फोडला. तो टाहो थांबेना. तिचा नवरा आठवड्याच्या आठवड्याला गाडीने यायचा आणि फाटकावरून परत जायचा, कारण वरून हुकूम होता, ‘बाई फार रडतात, भेट देऊ नये.’ हा न्याय! त्याला एकदा तिच्यापुढे उभा केला असता तर औषधाचा थेंब लागला नसता.

मग लुगडं काढून झगा दिला. मांजरपाटाचा, पोत्यासारखा. लुगड्याने कोणी गळफास घेईल ही भीती. तीही मी मान्य करते. पण झग्याला पदर नसतो. आमच्याकडच्या बाईला परक्या पुरुषासमोर उघड्या डोक्याने उभं करणं म्हणजे काय, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. डॉक्टर यायची वेळ झाली की आम्ही सगळ्या जणी खाटेवरची घोंगडी ओढून डोक्यावर घेत असू. वैशाखात! धुळ्याच्या उन्हात, पत्र्याखाली! घामाच्या धारा लागत, पण डोकं झाकलेलं असे.

एकदा बाहेरगावचे कोणी मोठे डॉक्टर वॉर्ड बघायला आले. आमचे डॉक्टर आमच्याकडे हात करून त्यांना म्हणाले, “हे पाहा, ह्यांना थंडी-उष्णतेची जाणीवच उरत नाही.” मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. घोंगडीखाली मी सगळं ऐकत होते. हातभर फडकं दिलं असतं तर आमची ती जाणीव लगेच परत आली असती.

बाकीचं काय सांगू? संडासाला दार नव्हतं. पाण्याचा माठ व्हरांड्यात, आणि व्हरांड्याच्या दाराला कुलूप. तहान लागली की हाका मारायच्या, आणि हाका मारल्या की ‘ओरडते’ म्हणून नाव व्हायचं. दवाखान्याच्या भाषेत जी ओरडत नाही ती ‘शांत’. ती सुखात आहे का, हा निराळा प्रश्न, आणि तो कोणी विचारत नसे.

चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल, हिला सगळीकडे काळंच दिसतं. अंगणात कडुनिंब होता. सकाळी आम्हाला त्याच्याखाली बसू देत. कधी भाताऐवजी ज्वारीची गरम भाकर मिळे, त्या दिवशी वॉर्डात एकही बाई भांडत नसे. आणि एक सिस्टर होती, नगरकडची, ती इंजेक्शन देण्याआधी “आता टोचणार हं” असं सांगायची. तेवढ्यानेसुद्धा बरं वाटायचं. पुढून येणारं दुःख आधी कळलं तर माणूस दात आवळून बसतो.

कवयित्री

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, खानदेशात नवे. स्वभावाने वाईट मुळीच नव्हते. कोणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. वाईट असते तर मला त्यांचा राग येणं सोपं गेलं असतं.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खाटेशी आले तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, “मनी आंडेर कथा गई?”

ते थबकले. माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. “ऐकलंत? मनी अंधेर, कथा गाई! वा! मनात अंधार आहे, आणि बाई कथा गाताहेत. दुःख माणसाला कवी करतं, सिस्टर.”

त्या दिवसापासून मी कवयित्री झाले. रोज सकाळी डॉक्टर हसऱ्या तोंडाने येत आणि माझ्यावर वाकून विचारत, “काय कवयित्री, आज कथा?”

आता हे माझ्या कानाने ऐका. मी विचारते आहे, माझी मुलगी कुठे? आणि डॉक्टर उलट मलाच विचारताहेत, कुठे? आज कुठे? आणि हसताहेत.

मी गोजराला धरलं. गोजरा धुळ्याचीच, बोली माझीच. तिने मला समजावलं, “साहेबले आपली भाषा येस बाई. बठ्ठं समजस त्याले. तो तुलेच इचारस, कथा शे म्हनीसन.” साहेबाला सगळं समजतं, असं तिला खरंच वाटत होतं. साहेब आपल्या बोलीत बोलतो याचं तिला कौतुक होतं. मंजी कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि साहेब विचारतो आहे म्हणजे त्यालाही ठाऊक नसणार, इतका सरळ तिचा हिशेब होता.

माझा हिशेबही तोच झाला. ह्या लोकांनी माझी पोर घेतली आणि हरवून टाकली. आता ती कुठे आहे हे ह्यांनाही माहीत नाही. एवढं कळल्यावर कोणती आई शांत पडून राहील? मी किंचाळले. मग एक उग्र वासाचं औषध, दोन बाजूंनी चादरीने बांधणं, आणि जड, काळी झोप. जाग आली की पहिला प्रश्न तोच. आणि डॉक्टर वाकून म्हणायचे, “हं, कथा?”

रविवार

हे रविवारी यायचे. जाळीच्या पलीकडे उभे राहायचे, टोपी हातात घेऊन. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, “मुलाचा विषय काढायचा नाही.” डॉक्टरांना म्हणायचं होतं, गेलेल्या बाळाचा. ह्यांनी त्यात मंजीलाही धरलं. कारकून माणूस, हुकूम आला की पाळायचा, आणि वर चार बोटं जास्तच पाळायचा. माझी बोली ह्यांना अगदीच कळत नव्हती असं नाही. मी विचारलेलं त्यांना कळत होतं. मी विचारलं की ते मान खाली घालत आणि म्हणत, “तब्येतीला जप.”

बाई आपल्या पोरीबद्दल विचारते आहे आणि बाप जमिनीकडे बघतो आहे. ह्याहून जास्त काय सांगायला लागतं? मी धरून चालले की मंजी गेली. रस्त्यावर मी तिला घेऊन धावले तेव्हाच ती गेली असणार. मी जेवण सोडलं. नाकातून नळी घालून पेज ओतू लागले.

त्या दिवसांत बाहेरच्या रस्त्याने मोर्चे जात. मराठी माणसाला मराठी राज्य हवं, अशा घोषणा भिंतीवरून आत येत. मी बांधलेली, नाकात नळी, आणि ऐकते आहे की प्रत्येकाला आपल्या भाषेत न्याय मिळाला पाहिजे. यंदा ते राज्य झालं. आनंद आहे. पण माझी बोली त्यात बसते की नाही, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अक्का

माझ्या शेजारच्या खाटेवर रावेरकडची एक म्हातारी होती. केळीच्या बागा असलेल्या खात्यापित्या घरातली. नवरा वारल्यावर तिने बोलणं टाकलं, जेवण टाकलं, आणि मुलांनी आणून सोडलं. सगळ्या तिला अक्का म्हणत. तिला विचारलं तर सांगायची, “मी याडी नाही बाई. मले कटाळा आला हाये.” पूर्व खानदेशातलं त्यांचं बोलणं आमच्याहून निराळं. पण तिची बहीण धरणगावला दिलेली, म्हणून माझी अहिराणी तिला कळे.

ती माझ्याशी फार बोलत नसे. सकाळी निंबाखाली माझ्या मागे बसायची आणि बोटांनी माझे केस सोडवायची. भाजीवरचं तेल तळव्याला लावून आणायची आणि माझ्या टाळूवर चोळायची. माझ्या डोक्याला हळदीचा, मिरचीचा वास यायचा. त्या सगळ्या दवाखान्यात मला सुख लागलं ते त्या भाजीच्या तेलाने, हे मी कोणापुढेही सांगेन.

डॉक्टरांचा घोळ पहिल्यांदा तिच्या ध्यानात आला. तिने त्यांना अडवून सांगितलंसुद्धा, “साहेब, ते पोरगी इचारते हाये. तिची पोरगी कुठी गेली ते.”

डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर प्रेमाने थोपटलं. “हो का अक्का? मग आता तुम्ही कोणती कथा सांगणार?”

वेडीची साक्ष कोण धरणार! अक्काने घोंगडी पुढे ओढली. तिचा अपमान मला त्या गुंगीतही कळला. अजून आठवला की अंगाची आग होते. हुशार बाई, खरं सांगते आहे, आणि तिला मुलासारखं थोपटतात!

मग एक दिवस डॉक्टर सिस्टरला सांगताना तिने ऐकलं, “ह्यांची भाषा काही परत येत नाही. पुढच्या खेपेला मोठ्या दवाखान्यात पाठवून देऊ.” मोठा दवाखाना दूर, रेल्वेने जायचा. तिकडे गेलेली बाई परत आल्याचं गोजराने कधी पाहिलं नव्हतं. अक्काने मला निंबाखाली बसवलं आणि माझी हनुवटी धरली.

“तो ‘कथा’ले गोष्ट समजते. तू त्याले ‘कुठी’ म्हन.”

“कथा,” मी म्हणाले.

“कुठी म्हन.”

मला राग आला. मी काय परक्याच्या मुलखात आले होते? धुळं माझं, भाषा इथली, आणि विचारते आहे मी माझ्या पोरीबद्दल. तो आला आहे दुसरीकडून, त्याने शिकावं. आणि शिकून तरी काय मिळणार! मी म्हणाले, ती मेली असेल तर कोणत्याही भाषेत मेलीच.

अक्काने माझी हनुवटी पुन्हा वर केली. मग म्हणाली, “आन जित्ती असली तं?”

मी तिच्यापुढे सरकून बसले.

त्या दिवसापासून केस सोडवता सोडवता ती माझ्याकडून घोकून घेऊ लागली. औषधाने जीभ जड झालेली. शब्द ओठापर्यंत यायचा आणि आमच्या बोलीत वळायचा. अक्का परत सुरू करायची. “माही पोरगी कुठी हाये. म्हन. माही पोरगी कुठी हाये.”

“‘कुठी हाये’ नाही अक्का,” मी म्हणाले, “‘कुठे आहे’.”

आणि मीच माझ्या तोंडाकडे हात नेला. अक्काची बोटं केसांत थांबली. सातवी पास झालेली मुलगी आत कुठेतरी बसून होती, ती चूक ऐकून उठली! अक्का हसायला लागली, तिच्या तोंडात पुढचे दात नव्हते, आणि तिला पाहून मीही हसले. बाळ गेल्यापासून मी हसले नव्हते.

कुठे

दुसऱ्या दिवशी डॉक्टर यायच्या आधीच मी खाटेपाशी उभी राहिले. घोंगडी डोक्यावर. ते आले आणि नेहमीसारखं वाकून म्हणाले, “काय कवयित्री, आज क...”

“माझी मुलगी कुठे आहे?”

त्यांचा चेहरा उजळला. खरंच सांगते, दिवा लावल्यासारखा उजळला. “अरे वा! सिस्टर, ऐकलंत? अगदी शुद्ध! शाबास बाई. फार छान सुधारणा आहे.” आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

उत्तर दिलंच नाही! शाबासकी दिली आणि निघाले! इतके दिवस मला वाटत होतं की त्यांना शब्द कळत नाही. आता शब्द कळला, तरी त्यांनी ऐकला तो उच्चार. प्रश्न तसाच हवेत राहिला.

मी त्यांच्या कोटाची बाही धरली. गोजरा धावली. “सोडा बाई!” मी सोडली नाही. “मी काही विचारलं आहे तुम्हाला,” मी म्हणाले. “माझी मुलगी. मंजुळा. कुठे आहे?”

“अहो, घरी आहे की!” डॉक्टर गोंधळून म्हणाले. “तुमच्या नणंदबाई आल्यात गावाहून, त्या सांभाळतात. परवाच तुमच्या यजमानांबरोबर फाटकापर्यंत आली होती. मुलांना आत आणायची परवानगी नाही ना. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?”

मी खाली बसले. खाटेवर नाही, फरशीवरच. घोंगडी डोक्यावरून सरकली तरी मला भान नव्हतं. पोर जिवंत होती. अर्ध्या मैलावर, माझ्याच घरात, माझ्याच अंथरुणावर झोपत होती. आणि तिला मेलेली समजून मी नाकातून पेज पीत होते.

थोड्या वेळाने मी त्यांना सांगितलं की आमच्यात कथा म्हणजे कुठे. आंडेर म्हणजे मुलगी. पहिल्या दिवसापासून मी हेच विचारत होते.

त्यांनी ते मनातल्या मनात जुळवलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, ते मी पाहिलं. पण वाईट वाटायच्या आधी त्यांच्या तोंडून जे निघालं तेही मी ऐकलं. “अस्सं! म्हणजे ती कविता नव्हती तर.”

अक्काचं काय झालं

माझा मोठा दवाखाना टळला. भाषा परत आली, म्हणजे मी बरी झाले, असं ठरलं. खरं तर झोप त्या दिवशी आली ज्या दिवशी पोर जिवंत असल्याचं कळलं. पण ते कोणी विचारलं नाही, आणि मी वाद घातला नाही. घरी जायचं होतं.

घरी आल्याची गोष्ट मागे ठेवते, आधी अक्काचं सांगते. थोड्या दिवसांनी मी एक हिरवी बांगडी... नाही, अक्काला बांगडी कशी देणार, ती विधवा. मी तिच्यासाठी पांढऱ्या पातळाचा तुकडा नेला, डोक्यावर घ्यायला, आणि खोबरेल तेलाची बाटली. तिची खाट रिकामी होती. तिच्या मुलांना पत्र गेलं होतं की घेऊन जा; कोणी आलं नव्हतं.

गोजरा म्हणाली, “अक्काले लई ग्यात.” म्हणजे अक्काला घेऊन गेले.

“कथा?” मी विचारलं.

तिने स्टेशनच्या दिशेने हात केला आणि झाडू मारू लागली. जिला दोन्ही भाषा कळत होत्या, जिने मला माझी पोर परत मिळवून दिली, ती गेली मोठ्या दवाखान्यात. आणि मी, बरी झालेली, तेलाची बाटली घेऊन उन्हात उभी! ह्याला कोणी व्यवस्था म्हणत असेल तर म्हणो.

ज्यांच्या घरची बाई आज अशा ठिकाणी आहे त्यांना माझं सांगणं फार नाही. तिला पाणी मिळतं का पाहा. डोक्यावर घ्यायला फडकं द्या. बांगड्या काढल्या तर का काढल्या ते तिला सांगा. आणि तिचं मूल कुठे आहे हे ती दहा वेळा विचारेल, तर दहा वेळा सांगा. ती वेडी असली तरी आई आहे, आणि तिला ज्या भाषेत कळतं त्या भाषेत सांगा.

घरी

हे मला टांग्यातून घरी घेऊन आले. वाटेत म्हणाले, “मंजी मजेत आहे. तुझ्या वन्सं फार जीव लावतात तिला.” मी विचारलं, मग मला एकदाही का नाही सांगितलंत? ते घोड्याच्या पाठीकडे बघत बसले. म्हणाले, “डॉक्टरांनी सांगितलं होतं.” त्यांचे डोळे भरले होते, हे खरं. पण त्या दिवशी ते मला पुरलं नाही, आणि आजही पुरत नाही.

वन्सं दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ह्यांची थोरली बहीण, विधवा, आयुष्यात पहिल्यांदा सातारा सोडून आलेली. ओवाळून टाकून झाल्यावर त्यांनी मला आत घेतलं, पाट दिला, पाणी दिलं. माणूस प्रेमळ. मंजी त्यांच्या पदरामागे लपून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. उवा झाल्या म्हणून दवाखान्यात शेवटी कापलेले केस, खंगलेलं अंग. तिला मी ओळखू येईना.

“लाजते,” वन्सं कौतुकाने म्हणाल्या. “पण गोड पोर हो. जरा त्रास दिला नाही. एकच वेड, गोष्टीचं. उठली की ‘माय कथा’, जेवताना ‘माय कथा’, निजताना तर विचारू नकोस. ‘माय कथा गाई, माय कथा गाई’ असं रडून रडून म्हणायची. मग मी तिला मांडीवर घेऊन कथा सांगायचे. चिमणीची, कावळ्याची, राजाराणीची. माझ्याजवळच्या सगळ्या संपल्या बाई! सांगितली तरी परत रडायची, की ‘माय कथा’. इतकी गोष्टीवेडी पोर मी पाहिली नाही.”

हे दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि भिंतीला टेकले.

वन्संना काय म्हणणार? त्या माउलीने रात्र रात्र गोष्टी सांगितल्या होत्या. मी हात पुढे केला आणि इथे ये म्हणून आमच्या बोलीत हाक मारली, “मंजी, आठे ये.”

तो शब्द ऐकला आणि पदर सोडून ती पुढे आली. माझ्या गुडघ्याला धरलं, माझ्या कापलेल्या केसांवर हात फिरवला, आणि मान वर करून, चांगली रागावून तिने विचारलं,

“माय, तू कथा गयथी?”

“आठेच व्हती बेटा,” मी म्हणाले. “माय आठेच व्हती.”